साथीच्या उन्हाळ्यात स्विम टीम कशी चालवायची: आधी काठ मोजा

२०१९च्या ऑगस्टमधल्या मीटिंगला मी उशिरा पोचले. तोवर खाऊचा स्टॉल, रिबिनी, टी-शर्ट अशी सोपी कामं वाटून झाली होती. उरलं होतं ते टीम रेपचं, म्हणजे टीमचा सगळा संसार. "एकच वर्ष तर आहे," म्हणत ते माझ्या गळ्यात पडलं. पुढच्या मार्चमध्ये करोना आला.

२०२० आणि २०२१ असे दोन उन्हाळे काढल्यावर पुढच्या माणसासाठी मी एक वही लिहून ठेवली. हा लेख त्या वहीवरून. अमेरिकेच्या उपनगरांत राहणाऱ्या कितीतरी मराठी घरांतली मुलं अशा टीममध्ये असतात आणि त्यांचे आईबाप आज ना उद्या स्टॉपवॉच धरून काठावर उभे राहतातच. साथ परत आली, हीच किंवा दुसरी कुठली, तर कोणाला तरी हे सगळं पुन्हा मांडावं लागेल.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वॉशिंग्टनच्या आसपास जवळजवळ प्रत्येक वस्तीला उघड्यावरचा पूल असतो. मेअखेरीस मेमोरियल डेच्या सुट्टीला तो उघडतो. तेव्हापासून जुलै संपेपर्यंत वस्तीतली पाच ते अठरा वर्षांची पोरं रोज सराव करतात आणि शनिवारी सकाळी शेजारच्या टीमशी शर्यती लावतात. कोच पगारी असतात, बाकी सगळं पालक सांभाळतात. आमच्या उत्तर व्हर्जिनियातली लीग १९५६ पासून चालू आहे. पोटोमॅक नदीपलीकडे मेरीलँडमध्ये तशीच दुसरी आहे आणि ऑलिंपिक विजेती केटी लेडेकी सहाव्या वर्षी तिथल्याच एका वस्तीच्या टीममधून पोहायला लागली. पण बाकीची पोरं काही ऑलिंपिकसाठी येत नाहीत. ती येतात दोस्तांसाठी, दंडावर मार्करने लिहिलेल्या आकड्यांसाठी, शनिवारच्या कल्लोळासाठी. साथीत नेमका तो कल्लोळच नडतो.

पाण्याची काळजी थोडी, काठाची फार

त्या एप्रिलमध्ये मला आलेल्या प्रत्येक फोनवर एकच प्रश्न होता: पाण्यातून पसरतो का? पूलच्या पाण्यातून करोना पसरल्याचा पुरावा नाही, असं अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, तेव्हाच सांगितलं होतं. मोकळं क्लोरीन किमान १ पीपीएम (दहा लाख भागांत एक) आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, ७.२ ते ७.८ असेल तर पाण्यातला विषाणू निकामी होतो. पूल चालवणाऱ्यांकडे या मोजणीची रोजची नोंदवही असते. आठवड्यातून एकदा ती मागून पाहा, झालं तुमचं पाण्याचं काम.

आता डोळे मिटून एखादा नेहमीचा शनिवार आठवा. फाटकापाशी रांग, बाथरूमपाशी रांग, खाऊच्या टेबलाला गराडा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शर्यतीआधीचा बाक. तिथे आठ वर्षांखालची तीसेक चिल्लीपिल्ली मांडीला मांडी लावून, एकमेकांच्या कानात ओरडत आपल्या नंबराची वाट बघत असतात. पाण्यात उतरल्यावर पोर एकटंच असतं. म्हणून योजना लेनपासून सुरू करू नका, कुंपणापासून करा. कोचना हे आधी पटत नाही. तरी करा.

पहिली पायरी: नियम कोणाचा, हे ठरवा

आमच्यावर एका वेळी सहा जणांचे नियम होते: गव्हर्नरचा आदेश, काउंटीचं आरोग्य खातं, पूल चालवणारी कंपनी, क्लबचं बोर्ड, लीग आणि विमा कंपनी. या सगळ्यांत जो नियम सर्वांत कडक, तो आपला. हे एका ओळीत लिहून बोर्डाकडून मंजूर करून घ्या, म्हणजे दर आठवड्याला "पण काउंटी तर चालेल म्हणतेय" हा वाद होत नाही. वाचायचं काम एकाच माणसाला द्या. आमच्याकडे एका वकील बाईंनी ते अंगावर घेतलं. दर गुरुवारी त्या आम्हाला चार ओळी पाठवायच्या, पाचवी कधीच नाही.

लीगने २०२०चा मोसम रद्दच केला. पण पूल उघडले. बंधनं टप्प्याटप्प्याने उठत होती आणि उत्तर व्हर्जिनिया १२ जूनला दुसऱ्या टप्प्यात आली. त्या टप्प्यात पूल फक्त सराव, व्यायाम आणि शिकवणीसाठी खुले होते, एका लेनमध्ये जास्तीत जास्त तिघं आणि दोघांत दहा फूट अंतर. तिसरा टप्पा १ जुलैला आला. थोडक्यात, तारखा आपल्या हातात नसतात. त्यामुळे कॅलेंडर तारखांवर बांधू नका, टप्प्यांवर बांधा: "दुसरा टप्पा लागल्यापासून पाच दिवसांनी सराव सुरू." लोकांना हे लगेच कळतं.

दुसरी पायरी: पैसे आणि लाइफगार्ड

नाव नोंदवण्याआधीच परताव्याचा नियम लेखी द्या. आम्ही अर्धी फी नोंदणीला घेतली आणि अर्धी पहिल्या सरावाच्या दिवशी. कोचचा करार महिन्याचा न करता आठवड्याचा केला. ट्रॉफ्या, टी-शर्ट, नव्या टोप्या यांची ऑर्डर दिलीच नाही. पोरांना त्याचं काही वाटलं नाही, वाटलं ते आयांना.

लाइफगार्डची गोष्ट मात्र आधी कोणाच्याच ध्यानात नव्हती. इकडच्या पूल कंपन्या उन्हाळ्यात पूर्व युरोपातून जे-वन व्हिसावर विद्यार्थी आणतात. २२ जून २०२०च्या ज्या आदेशाने नव्या एच-वन-बी व्हिसावर येणाऱ्यांची वाट बंद झाली आणि आपल्यातल्या कितीतरी घरांची झोप उडाली, त्याच आदेशात ही उन्हाळी कामाची पोरंही अडकली. गार्ड नाही तर पूल नाही. तेव्हा एप्रिलमध्येच कंपनीला लेखी विचारा की स्थानिक गार्ड किती आहेत. टीममधल्या पंधरा वर्षांवरच्या मुलामुलींना रेड क्रॉसचा कोर्स करायला लावा. आमच्या चौघांनी केला. त्यांना खिशाला पैसे मिळाले, आम्हाला सकाळी सातची सरावाची वेळ.

गार्डवर मास्क आणि अंतराची पहारेदारी टाकू नका. सीडीसीचंही तेच सांगणं होतं. त्याची नजर पाण्यावर हवी. पहारेदारीसाठी रोज एक पालक नेमा. आम्ही त्याला पिवळं जाकीट दिलं आणि पोरं त्याला 'केळं' म्हणायला लागली.

तिसरी पायरी: टेप घेऊन काठ मोजा

एका संध्याकाळी दोघांनी जाऊन हे उरकून टाका. आत यायचं फाटक एक, बाहेर जायचं दुसरं. दुसरं फाटक नसेल तर आधीची बॅच पूर्ण बाहेर पडेपर्यंत पुढची गाड्यांतच थांबेल.

उभं राहायच्या खुणा आम्ही आधी काठाच्या काँक्रीटवर रंगीत टेपने केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर निम्म्या टेप गुंडाळ्या होऊन पाण्यावर तरंगत होत्या आणि उरलेल्या पोरांच्या तळव्यांना चिकटलेल्या. मग खडूने केल्या. पहिल्या बॅचच्या ओल्या पावलांनी त्या पुसल्या. शेवटी एका आजोबांनी तोडगा काढला: जाळीच्या कुंपणालाच दर सहा फुटांवर रंगीत झिप टाय बांधायचे. टायला नंबर, नंबराला पोर, पोराची पिशवी तिथेच अडकवलेली. खाली काही नको, पुसायला काही नको. लाल टाय पहिल्या बॅचचे, निळे दुसऱ्या, हिरवे तिसऱ्या, म्हणजे एकाच्या टॉवेलला दुसऱ्याचा हात लागत नाही. शंभर टायचं पाकीट हार्डवेअरच्या दुकानात मिळतं आणि अख्ख्या मोसमात आमचा यापेक्षा चांगला खर्च झाला नाही.

चौथी पायरी: बॅचेसचा हिशेब

आमचा पूल २५ मीटरचा, म्हणजे ८२ फूट, आणि सहा लेनचा. एका लेनमध्ये तिघं: दोघं दोन टोकांना, तिसरा मध्यावर, तिथे लेनच्या दोरीला फीत बांधलेली. सहा लेन गुणिले तीन, अठरा पोरं. मुलं आली १०८, म्हणजे सहा बॅचेस. तीन बॅचेस सोमवार-बुधवार-शुक्रवार, तीन मंगळवार-गुरुवार-शनिवार. सात ते पावणेआठ, आठ ते पावणेनऊ, नऊ ते पावणेदहा. मधली पंधरा मिनिटं जायला, पुसायला आणि यायला. ही पंधरा मिनिटं कमी करायचा मोह होतो, तो आवरा. गर्दी होते ती याच वेळात.

बॅच पाडायची कशी, यावर आमचं कोचशी कडाक्याचं भांडण झालं. त्यांना वेगाप्रमाणे हवी होती. माझं म्हणणं, घराप्रमाणे. सख्खी भावंडं, एकाच गाडीतून येणारी चुलत-मावस, सगळी एका बॅचमध्ये. वय सहा असो की सोळा, एका घराला एकच बॅच. एकदा ठरलेली बॅच बदलायची नाही, आजीचा वाढदिवस असला तरी नाही. सरावाचा दर्जा यात घसरतो, हे कोचचं म्हणणं खरं होतं. पण जुलैत एका घरात करोना निघाला तेव्हा सहापैकी एकच बॅच घरी बसली.

घराप्रमाणे बॅच केल्याचा आणखी एक फायदा ऐनवेळी ध्यानात आला. सहा-सात वर्षांच्या पोराला दहा फूट म्हणजे किती ते कळत नाही आणि मध्येच दमलं तर ते शेजारच्याला मिठी मारतं. एरवी मोठी मुलं पाण्यात उभी राहून छोट्यांना धरतात, ते आता बंद होतं. मास्क लावून पाण्यात उतरता येत नाही, ओल्या मास्कमधून श्वास घेणं अवघड जातं. तेव्हा छोट्याला धरायला त्याचाच मोठा भाऊ किंवा बहीण. भावंड नसेल तर आई किंवा बाबा. एक बाबा तर आधी स्वतःच धडपणे पोहायला शिकले. आमच्या पिढीला पाठीला डबा बांधून विहिरीत सोडलेलं, त्यामुळे बुडत नाही एवढंच पोहणं येत होतं.

रोजची सकाळ

पोर घरूनच पोहण्याचे कपडे घालून, अंघोळ करून, बाटली भरून येईल. कपडे बदलायची खोली बंद, बाथरूममध्ये एका वेळी एकजण. चष्मा, किकबोर्ड, फिन्स स्वतःचे, नाव घातलेले. टीमचे जुने किकबोर्ड आम्ही मोसमभरासाठी घरोघर वाटूनच टाकले. मास्क पाण्याच्या काठापर्यंत तोंडावर, मग नाव लिहिलेल्या झिपच्या पिशवीत, आणि पिशवीत दुसरा कोरडा मास्क हवाच. त्याच त्या ओल्या बोटांनी पोरं मास्क काढतात.

फाटकावर रोज तीन प्रश्न: ताप, खोकला, घरात कोणी आजारी? १००.४ फॅरनहाइट किंवा वर असेल तर परत. प्रश्न पोराला नाही, गाडीतल्या मोठ्या माणसाला विचारा. पोराला पोहायचं असतं, ते कशालाही नाही म्हणेल.

कोचच्या तोंडावर मास्क, त्यामुळे शिट्टी गेली आणि आवाजही गेला. दोन मोठे पांढरे फळे आणा, पूलच्या दोन्ही टोकांना ठेवा आणि सरावाचा तक्ता आदल्या रात्रीच जाड अक्षरात लिहून ठेवा. बटण दाबून वाजणारी शिट्टी मिळते, ती घ्या.

हजेरीत नावापुढे बॅच, लेन आणि लेनमधली जागा लिहा. कटकट वाटते, पण पुढे उपयोगी पडते.

आणि गडगडाट. व्हर्जिनियाचा जुलै म्हणजे वीज-पाऊस. मेघ गरजला की पाणी रिकामं आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबायचं. एरवी सगळे छपराखाली दाटीवाटीने उभे राहतात. साथीत छप्पर म्हणजे आपली गाडी. म्हणून पोराला सोडून पालकाने दुकानात जायचं नाही, पार्किंगमध्येच थांबायचं. आमच्या पार्किंगमध्ये त्या उन्हाळ्यात किती ऑफिसच्या मीटिंगा झाल्या, त्याची गणती नाही.

शर्यती: आपापल्या पूलमध्ये, एकाच दिवशी

दोन टीम, दोन पूल, निकाल एक. शेजारच्या टीमशी बोलून आम्ही असे तीन शनिवार केले. गुरुवारी नावांची अदलाबदल, शनिवारी सकाळी ज्याने त्याने आपल्या पूलमध्ये पोहायचं, दुपारी वेळांची फाइल पाठवायची, संध्याकाळी एकाने दोन्ही एकत्र लावून निकाल काढायचा. त्यात कोणत्या गोष्टी आधी ठरवायच्या, ते सांगते.

पहिली, वेळ मोजायची रीत. एका लेनवर तीन घड्याळं असतील तर मधली वेळ धरतात, दोन असतील तर सरासरी. तीन माणसं एका लेनपाशी उभी करणं आम्हाला शक्य नव्हतं, म्हणून एक माणूस, दोन्ही हातांत एकेक घड्याळ. दोन्ही टीमनी तेच केलं पाहिजे. एकीकडे तीन आणि दुसरीकडे एक, असं झालं की रविवारी फोन सुरू होतात.

दुसरी, पंच. आपले पंच आपल्याच पोरांना बाद कसे करतील? उपाय एकच: नेहमीपेक्षा कडक राहायचं. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये भिंतीला एकच हात लागला तर बाद, मग ते पोर पंचाचं स्वतःचं का असेना. आमच्या पंचबाईंनी पहिल्याच शनिवारी आपल्या लेकीला बाद केलं. त्यानंतर समोरच्या टीमकडून शंकेचा एक शब्द आला नाही.

तिसरी, वयोगटांच्या वेळा. पाच वयोगट, चार प्रकार, मुलं आणि मुली वेगळ्या, अशा चाळीस वैयक्तिक शर्यती होतात. सलग घेतल्या तर अख्खी टीम चार तास काठावर. आम्ही आठ वर्षांखालच्यांना साडेसातला बोलावलं आणि साडेआठला घरी पाठवलं, मग पुढचा गट. चिल्ल्यापिल्ल्यांचा बाक गेला. पोर आपल्या झिप टायपाशी उभं राहतं आणि केळं येऊन त्याला घेऊन जातं.

रिले सर्वांत शेवटी आणा. आणायचीच झाली तर भावंडांची आणा. आम्ही एक केली. ताई सोळाची, धाकटा सहाचा. इतका आरडाओरडा ऑलिंपिकलाही होत नसेल.

आरडाओरड्यावरून आठवलं. ओरडायला बंदी होती. मग दोन मराठी घरांनी कुंपणाबाहेरून ताट-पळी वाजवायला सुरुवात केली. २२ मार्चला भारतात संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजल्या होत्या, त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले. पुढच्या शनिवारी अमेरिकन शेजारणीही भांडी घेऊन आल्या. एकीने बीडाचा तवा आणला होता, त्याचा आवाज बरा येत नाही.

बघायला एका पोरामागे एकच मोठं माणूस आणि त्यालाही काम दिलेलं. बाकीच्यांसाठी फोन तिकाटण्यावर लावून दाखवा, पण लिंक खासगीच ठेवा आणि चित्रण साठवू नका. पोहण्याच्या कपड्यांतली लहान मुलं आहेत, हे उत्साहाच्या भरात विसरायला होतं.

घरात आजी-आजोबा असतील तर

आपल्याकडे हा प्रश्न इतरांपेक्षा जास्त. त्या वर्षी कितीतरी आई-वडील इकडे भेटीला आलेले अडकून पडले. मार्चअखेरीस भारताने विमानं बंद केली, मेमध्ये वंदे भारतची सुरू झाली. सत्तरीचं माणूस, रक्तदाब, साखर, वरून तात्पुरता प्रवासी विमा. अशा घराने पोराला पाठवायचं का?

उत्तर त्या घराने द्यायचं, टीमने नाही. टीमने फक्त 'नाही' म्हणणं सोपं करायचं. जागा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवायची, फी पूर्ण परत, कारण विचारायचं नाही. आमच्या अकरा मुलांनी असा उन्हाळा सोडला आणि नऊ परत आली.

एका आजींनी मधला मार्ग काढला. नात पोहायला, आजी पार्किंगमध्ये काचा वर केलेल्या गाडीत, मांडीवर फोन, फोनवर आमचं चित्रण. गाडी आणि पूल यांच्यात जेमतेम शंभर पावलं. शर्यत झाल्यावर नात ओल्या केसांनी काचेपाशी गेली. आजी आतून काहीतरी सांगत होत्या, तिला ऐकू येईना. शेवटी आजींनी फोन लावला: "अगं, डावा हात वाकडा पडतोय तुझा. आणि दुसरी आलीस ना? छान. टॉवेल घे आधी."

एखाद्याला लागण झाली तर

आमच्याकडे मंगळवारी रात्री दहाला फोन आला. आई रडत होती, आपल्यामुळे सगळ्यांचं बिघडलं म्हणून. मी सकाळी पत्र पाठवायचं ठरवलं. ही माझी चूक. साडेदहापर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर तीन वेगवेगळ्या मुलांची नावं फिरत होती आणि त्यातलं एकही खरं नव्हतं.

म्हणून पत्र मोसमाआधीच लिहून ठेवा, तासाभरात पाठवा. मजकूर एवढाच: "दुसऱ्या बॅचमधल्या एका पोहणाऱ्याला करोना झाल्याचं आज रात्री कळलं. या बॅचचा सराव आजपासून थांबवला आहे. काउंटीच्या आरोग्य खात्याला कळवलं आहे, ते सांगतील तसं पुढे. इतर बॅचेस चालू आहेत. कृपया नावांचे अंदाज करू नका." नाव कोणालाही सांगायचं नाही, बोर्डालासुद्धा नाही. आरोग्य खात्याला हजेरी द्यायची आणि तिथे लेनचे आकडे कामाला येतात. तेव्हा चौदा दिवस घरी बसायचा नियम होता. पुढच्या साथीत तो वेगळा असेल, पण पत्र तेच चालेल.

दुसऱ्या दिवशी त्या घराला फोन करा. आमच्यातल्या कोणी तरी दारात वरणभात ठेवून आलं.

बंधनं उठल्यावरचा उन्हाळा

२०२१ मला जास्त जड गेला. २८ मेला व्हर्जिनियाने अंतराची आणि गर्दीची बंधनं काढली आणि लोक सुटले. पण बारा ते पंधरा वयाच्या मुलांना लस मिळू लागली ती त्याच मेमध्ये आणि पाच ते अकराच्या मुलांना ती नोव्हेंबरपर्यंत मिळायची नव्हती. म्हणजे कायदा म्हणतोय मोकळे आहात आणि टीममधली सगळ्यात छोटी, सगळ्यात चिकटणारी पोरं बिनलसीची. आम्ही मोठ्यांचं सगळं पूर्ववत केलं. छोट्यांचा बाक मात्र आणला नाही, झिप टायच ठेवले. त्यावर दोन घरं रागावून दुसऱ्या पूलमध्ये गेली. जाऊ द्यावं.

मोसमाअखेरची बक्षिसं पार्किंगमध्ये, गाडीच्या खिडकीतून. नंबरांना रिबिनी देऊ नका. पहिल्या आठवड्यातली स्वतःची वेळ आणि शेवटच्या आठवड्यातली स्वतःची वेळ, यातला फरक रिबिनीमागे लिहा. काही महिने पाण्याचं तोंड न पाहिलेल्या पोरांची वेळ मागच्या वर्षीशी ताडून बघण्यात अर्थ नसतो.

माझ्याकडून पुढच्या टीम रेपकडे एक प्लास्टिकचा डबा गेला. त्यात उरलेले झिप टाय, टाय कापायची पक्कड, पिवळं जाकीट, दोन फळ्यांचे मार्कर, बटणाची शिट्टी, पत्राचा मसुदा आणि बारा स्टॉपवॉच. घड्याळांच्या बॅटऱ्या काढून ठेवल्या आहेत. मेमध्ये नव्या घाला, आणि पहिल्या शनिवारच्या आधी बाराही घड्याळं एकदम चालू करून बघा, कारण त्यातलं एक पुढे पळतं. त्यावर लाल टिकली लावली आहे.